परत म्हणा

मे महिन्यातला रविवार होता. जेवण उरकून नीरजा वारज्यातल्या आपल्या बिल्डिंगखालच्या डेअरीत ताकासाठी दही आणायला उतरली होती. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. डेअरीवाला पिशवीला गाठ मारत होता, तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"आपण आज येणार आहात, की झोपणार आहात?" पलीकडून गोपाळकृष्ण काकांचा कोरडा आवाज आला. "झोपायचं असेल तर जरूर झोपा. रांगेत एक विमान कमी, एवढंच."

"येतेय काका. दही घेऊन निघालेच."

"विमानात सांडू नका," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

विमान म्हणजे संगणकावरचं. पुण्यात घरोघरी ब्रॉडबँड येऊन फार वर्षं झाली नव्हती. हिंजवडी आणि खराडीच्या कंपन्यांत आठवडाभर कोड लिहिणारी काही मंडळी रविवारी आपापल्या घरी बसून एकाच आकाशात विमानं उडवायची. डोक्याला हेडफोन, हातात जॉयस्टिक, आणि सगळ्यांचं बोलणं एकाच रेडिओवर. त्या गटाला काकांनी 'घार मंडळ' असं नाव दिलं होतं. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, राहायला शनिवार पेठेत. ते स्वतः कधी विमान उडवत नसत. ते टॉवर होते. कुणी केव्हा उडायचं, किती उंचीवर जायचं, कुणाच्या मागे राहायचं, हे सगळं ते सांगत, आणि खऱ्या विमानतळावर चालणार नाही ते त्यांच्याकडेही चालत नसे.

नीरजा मूळची पुसदची. लहानपणी उन्हाळ्यात गच्चीवर झोपताना ती आणि तिचा धाकटा भाऊ तेजस वरून जाणाऱ्या विमानांचे दिवे बघत पडत. नोकरी लागून ती पुण्यात आली आणि मागोमाग तेजसला लोणी काळभोरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथंच गावात एक खोली भाड्यानं घेऊन तो राहत होता. आई दर फोनला एकच सांगे, "पोराकडे लक्ष दे बाई." शहराच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो. रविवारची ही दुपार म्हणजे दोघांची भेटच असायची.

तिनं वर येऊन पडदे ओढले. गावाकडून आणलेला कूलर सुरू केला. पुण्यात कूलर कशाला म्हणून शेजारीण हसायची, पण ओल्या वाळ्याच्या त्या वासाशिवाय नीरजाला उन्हाळा वाटतच नसे. खोली अंधारली. संगणकाच्या पडद्याचा निळा उजेड तेवढा भिंतीवर पडला होता. जांभळ्या चष्म्याच्या काड्यांवरून तिनं हेडफोन चढवला.

"हजेरी," काका म्हणत होते. "नाव आधी, गप्पा नंतर."

"घार एक," महिपतीचा आवाज आला. तो सगळ्यांत जुना आणि नेहमी पुढे असे.

"घार दोन," उत्कर्षा म्हणाली.

"घार तीन, आणि आज जरा लवकर सोडा काका, मॅच आहे," दत्तप्रसाद म्हणाला. तो विमाननगरला एकटा राहायचा. प्रत्येक वाक्याला हसायचा.

"घार चार." हा तेजस.

"घार पाच," नीरजानं सांगितलं.

"छान. आता पद्धत पुन्हा एकदा सांगतो, कारण मागच्या खेपेला तुम्ही मासळी बाजार भरवला होता. बोलण्याआधी ऐका. आधी आपलं नाव सांगा, मग काय ते बोला. टॉवरनं सांगितलेलं शब्दशः परत म्हणा. परत म्हटलंत की ते तुमच्यावर बंधनकारक. आणि माझ्या परवानगीशिवाय रांग सोडून कुणीही जायचं नाही. लोहगावहून उडायचं, सह्याद्रीच्या कडेकडेनं जायचं आणि गोव्याला उतरायचं. काही शंका?"

"घार तीन. गोव्याला उतरल्यावर काय काय मिळेल?"

"हवा," काका म्हणाले. "मोकळी."

एकामागून एक विमानं उडाली. सिंहगड उजवीकडे गेला, भाटघरचं पाणी खाली चमकून गेलं. पुढे चार छोटी विमानं एका दोरीत ओवल्यासारखी दिसत होती. प्रत्येकाच्या डोक्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव. कूलर घरघरत होता. नीरजाला वाटलं, आठवड्याचा सगळा शीण निघून गेला.

महाबळेश्वरचं पठार जवळ आलं तेव्हा उत्कर्षा म्हणाली, "घार दोन. काका, माझ्या मागे कोण आहे?"

"तुमच्या मागे घार तीन आहे. दुसरं कोण असणार?"

"नाही... दत्ता त्याच्या मागे आहे. मधे एक विमान आहे. त्याच्यावर नावच नाही."

नीरजानं पुढे बघितलं. विमानं पाच होती. तिसरं विमान बाकीच्यांसारखंच होतं, पण पांढरं नाही, कसल्याच रंगाचं नाही. धुरकट. त्याच्या डोक्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"अहो पाहुणे," काका म्हणाले, "तुमच्याकडे नाव सांगायची पद्धत आहे की नाही? न सांगता पंगतीत बसलात ते बसलात."

रेडिओवर वारा ऐकू आला. उघड्या खिडकीतून येतो तसा नव्हता. फार उंचावर, जिथं अडायला काहीच नाही, तिथला वारा.

"टॉवर विचारतोय. नाव सांगा."

"घार तीन," असं उत्तर आलं. आवाज दत्तप्रसादचा होता.

"काय रे दत्ता," महिपती हसला.

"अरे, मी नाही बोललो!" दत्तप्रसाद म्हणाला. तो हसत नव्हता. "घार तीन... म्हणजे मी घार तीन. काका, आत्ता बोललो तो मी नव्हतो. कोण आहे हा? माझा आवाज... आई गं!"

त्याच्या खुर्चीचा करकर आवाज झाला. काहीतरी फुटलं. मग दत्तप्रसाद ओरडला. त्याचा माइक उघडाच राहिला होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा शब्द रेडिओवर जात नव्हता. सगळ्यांना फक्त ऐकता येत होतं. तो "सोडा" म्हणत होता. कुणाला म्हणत होता ते कळत नव्हतं. ओल्या पोत्यावर दांडका हाणावा तसे आवाज येत होते, एकावर एक, घाई न करता. मधेच सुकी काटकी मोडावी तसं काहीतरी मोडलं, आणि त्याची किंकाळी चिरकून बारीक झाली. मग तो आईला हाका मारायला लागला. मग त्याला हाकाही मारता येईनात, नुसता घशातून गुळगुळ आवाज यायला लागला. शेवटी वारा जोरात घोंघावला. तो घोंघावतच राहिला, बराच वेळ, आणि एक धप्प असा आवाज झाला. नीरजाच्या कानांत तो घुमत राहिला.

माइक बंद झाला.

"घार तीन," दत्तप्रसादचा आवाज शांतपणे म्हणाला. "सरळ जातोय."

पडद्यावर दत्तप्रसादचं विमान नव्हतं. धुरकट विमानावर आता नाव होतं, 'घार तीन'. नीरजा बघत असताना ती अक्षरं विरघळली. ते विमान पुन्हा बिननावाचं झालं. त्यानं वेग कमी केला आणि ते मागे सरकू लागलं. तेजसच्या बाजूला.

"मी चाललो," महिपती कसाबसा म्हणाला आणि त्याचं विमान नाहीसं झालं. उत्कर्षा रडत होती. तीही नाहीशी झाली.

"तेजस!" नीरजा ओरडली. "हेडफोन काढ. मशीन बंद कर. खोलीतून बाहेर पड, आत्ताच्या आत्ता!"

"ताई, काहून घाबरवून राहिली तू? दत्तादादानं मस्करी केली असंन..."

"ही मस्करी नाहीये. ऊठ म्हणते ना!"

त्यानं खुर्ची मागे सारल्याचा आवाज आला. पावलं ऐकू आली. मग कडी खडखडली. पुन्हा खडखडली. त्याचा आवाज माइकपासून लांबून, पातळ येत होता.

"ताई... दार उघडूनच नाही राहिलं. मशीन पण बंद नाही होऊन राहिली. बटण दाबलं, वायर काढली... ताई, वायर माझ्या हातात आहे..."

नीरजानं एका हातानं मोबाइल उचलला. पण करायचा कुणाला? लोणीत तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. पडद्यावर ते धुरकट विमान तेजसच्या पंखाला पंख लावून उडत होतं.

"घार चार," तेजसच्या आवाजात कुणीतरी म्हणालं.

आणि मागोमाग खरा तेजस ओरडला.

पहिला तडाखा बसला तो नीरजानं ऐकला. ती उभी राहिली होती. टेबलाची कड तिनं इतकी घट्ट धरली होती की नखातून रक्त आलं, हे तिला नंतर कळलं. दुसरा तडाखा. तिसरा. तेजस झटत होता. स्टीलचा डबा भिंतीवर आदळला, काच खळकन फुटली. "ताई!" तो ओरडला. हाड मोडल्याचा तो सुका आवाज आला आणि तो गुरासारखा हंबरला. मग वारा सुरू झाला.

"थांबा."

काकांचा आवाज होता. उघड्या माइकवरून दुसऱ्याचा शब्द जायला नको होता, तरी गेला. कसा गेला ते त्या टेलिफोनवाल्या माणसालाच ठाऊक.

"टॉवर बोलतोय. घार चार हे नाव रद्द करण्यात आलं आहे. या नावाचं कुणी या आकाशात नाही. परत म्हणा."

तडाखे थांबले. फक्त वारा ऐकू येत होता. वाऱ्यामागे कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं.

"माझ्या रेडिओवर आहात ना? मग पद्धत पाळायची. परत म्हणा."

"घार चार..." तेजसचा आवाज म्हणाला, अडत अडत, नको असलेलं औषध गिळावं तसा. "हे नाव... रद्द. या नावाचं... कुणी... नाही."

वारा तुटला. खोलीतल्या फरशीवर काहीतरी जड पडलं. आणि मग, फार लांबून, एक मुलगा हमसून हमसून रडायला लागला. जिवंत होता.

नीरजानं माइक तोंडाशी ओढला. "काका," ती म्हणाली. "काका, तो..."

"बोलू नका," काका हलक्या आवाजात म्हणाले. "आता एक शब्द बोलू नका. मागे बघा."

तिनं जॉयस्टिक फिरवून मागचं दृश्य लावलं. धुरकट विमान तिच्या पाठीमागे होतं. इतकं जवळ की समोरची काच दिसत होती. काचेआड आसन होतं. आसनावर कुणी नव्हतं. नुसते पट्टे ताणलेले होते, घट्ट, कुणी बसल्यासारखे.

कूलर चालू होता, पण खोलीत वाळ्याचा वास येईनासा झाला. एकाएकी इतकी थंडी पडली की तिच्या तोंडातून वाफ निघाली. कानांत दडे बसले. आणि हेडफोनमध्ये तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. तिचाच, किंचित घोगरा, पुसदकडचा हेल असलेला.

"घार..."

"नाव हवंय ना तुम्हाला?" काकांनी मधेच तोडलं. रोजच्यासारखा कोरडा आवाज, दारात आलेल्या विक्रेत्याशी बोलावं तसा. "मग ही असली उष्टी कशाला घेता? पूर्ण नाव घ्या. गोपाळकृष्ण. टॉवर. मुक्काम शनिवार पेठ. हे नाव मी तुम्हाला देतो आहे. परत म्हणा."

"काका, नको!"

"गोपाळकृष्ण," काकांच्या आवाजात उत्तर आलं, अधाशासारखं. "टॉवर. शनिवार पेठ."

पडद्यावर तिच्यामागे मोकळं आकाश होतं.

मग काकांच्या माइकवरून तिला त्यांच्या घरातला पंखा ऐकू आला. आतल्या खोलीत भांडी वाजत होती. काका मान वळवून काकूंशी बोलल्यासारखे म्हणाले, "कौशल्या, आत येऊ नकोस. काहीही ऐकू आलं तरी येऊ नकोस."

नीरजानं कान झाकायला हात वर नेले, पण तिला हेडफोन काढवेना. त्या माणसानं कुणासाठी काय केलं हे तिला ठाऊक होतं. शेवटपर्यंत कुणीतरी ऐकायला हवं होतं. काका ओरडले नाहीत. तडाखे बसत होते तेव्हा ते दात आवळून कण्हत होते, तेवढंच. एकदा 'राम' म्हणाले. वारा आला. तो सगळ्यात जास्त वेळ टिकला. धप्प आवाज झाला. दाराबाहेर कौशल्याकाकू दार बडवत होत्या, "अहो! अहो, काय झालं?"

मग सगळं शांत झालं.

"घार पाच," काकांचा आवाज म्हणाला. अगदी तसाच, किंचित चिडका. "टॉवर. उतरायला परवानगी आहे. परत म्हणा."

नीरजा बोलली नाही.

"घार पाच. परत म्हणा."

तिनं ओठ दातांखाली दाबून धरले. रक्ताची चव आली.

"अहो नीरजाबाई," आवाज मऊ झाला. "परत म्हणा ना..."

तिनं दोन्ही हातांनी मशीन उचललं आणि फरशीवर आपटलं. पुन्हा उचलून आपटलं. पडदा काळा होईपर्यंत ती ते आपटत होती.

लोणी काळभोरला ती रिक्षानं कशी पोहोचली ते तिला आठवत नाही. वाटेत तिनं काकांच्या घरी फोन लावला. कुणी उचलला नाही. तेजसच्या खोलीसमोर माणसं जमली होती. घरमालक वैजनाथराव पहार घेऊन उभे होते, दार चौकटीसकट निघालं होतं.

"पोरगं जितं हाय ताई," ते म्हणाले. "पन आत दुसरं कोनीबी न्हाई. कडी आतून हुती. मंग ह्याला मारलं कुनी?"

तेजस रक्तात पडला होता. डावा हात खांद्यापासून उलटा वळला होता, जबडा निखळला होता, एक डोळा सुजून मिटला होता. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचे केस ओले आणि बर्फासारखे गार होते. बाहेर ऊन पोळत होतं.

हडपसरच्या एका दवाखान्यात त्याला ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी तिला बाजूला बोलावलं. तेजसच्या दोन्ही खांद्यांवरून आणि कमरेवरून काळेनिळे रुंद पट्टे उमटले होते.

"गाडीत पट्टा बांधलेला असताना जोरात धडक बसली की असे वळ उठतात," ते म्हणाले. "तुम्ही तर म्हणता, खोलीत होता."

दत्तप्रसादचं दार पोलिसांनी संध्याकाळी फोडलं. तो छतापर्यंतच्या उंचीवरून पडला असता तरी एवढं झालं नसतं, असं म्हणे त्यांच्यातला एक जण बोलला. अंगात अख्खं हाड उरलं नव्हतं. खुर्ची चपटी झाली होती आणि खालच्या फरशीला खड्डा पडला होता. वरचं छत जसंच्या तसं होतं. काकांचंही तसंच. पोलिसांनी महिपती आणि उत्कर्षासकट सगळ्यांचे जबाब घेतले. नीरजानं ऐकलं ते सगळं सांगितलं. लिहून घेणाऱ्यानं अर्ध्यात पेन ठेवलं आणि तिला पाणी दिलं.

काकांचा तेरावा झाल्यावर ती शनिवार पेठेत गेली. कौशल्याकाकू दारातच उभ्या होत्या. नीरजा पाया पडायला वाकली आणि तिथंच रडायला लागली.

"काकू, ते माझ्यासाठी... माझ्या भावासाठी..."

"ऊठ," काकू म्हणाल्या. "भाऊ कसा आहे?"

"बोलायला लागलाय. हात बरा होईल म्हणतात."

"मग झालं तर." काकूंनी तिला आत नेलं, पाणी दिलं. पदराशी चाळा करत त्या सांगू लागल्या. "त्यांच्या मिशीवर बर्फ होता गं. मी हातानं पुसला. कुणाला सांगू? म्हातारीचं डोकं फिरलं म्हणतील."

"मी नाही म्हणणार."

"म्हणून तुला एक दाखवायचं आहे." काकू उठल्या. कपाटातून त्यांनी रुमालाची पुरचुंडी काढली. "काल दुपारी यांची गादी गच्चीवर उन्हात टाकली होती. मी तिथंच सावलीला बसले होते. वरून काहीतरी गादीवर पडलं. वर बघितलं तर नुसतं आभाळ. पक्षीसुद्धा नव्हता. उचललं तर हाताला चटका बसावा इतकं गार. चष्मा आहे. यांचा नाही. यांचा मी वैकुंठ स्मशानात नेताना त्यांच्या खिशात घालून दिला. तुमच्यातल्या कुणाचा आहे का, बघ बरं."

नीरजानं रुमाल उलगडला.

जांभळी फ्रेम होती. उजव्या काडीचा स्क्रू पडला होता आणि तिथं तांब्याची बारीक तार गुंडाळली होती. तशी तार तिनं परवाच, जुन्या इअरफोनची वायर सोलून, गुंडाळली होती.

तिचा हात आपोआप चेहऱ्याकडे गेला. चष्मा नाकावर होता. बोटाला तशीच तार लागली.

"कुणाचा गं?" काकूंनी विचारलं.

हातातल्या चष्म्याची एक काच तडकली होती. काचेच्या आतल्या बाजूला, जिथं डोळा येतो तिथं, रक्त होतं. तिनं बोट लावलं. ते अजून ओलं होतं.